हिशेबाचा संगणक वीज गेल्यावर

खामगावच्या कापूस बाजारापासून मेहकरच्या किराणा दुकानापर्यंत अनेकांची उधारी आता संगणकावर आहे. उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह अल-बकरहच्या आयत २८२ मध्ये आहे. लिहिलेले टिकेल कोठे, हेही व्यापारी बांधवांनी पाहावे.

डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीला फाईल सिस्टीम म्हणतात. पेनड्राइव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. नोंद चालू असता वीज गेली, तर ही मांडणी अर्धवट राहू शकते. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईलही मावत नाही. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस आणि लिनक्सवरील ईएक्सटी४ मात्र बदल आधी जर्नलमध्ये टिपतात, जसे आपण रोजमेळ लिहून मग खतावणी करतो. वीज आल्यावर त्यावरून मांडणी सावरली जाते.

मात्र जर्नल मुख्यतः मांडणी राखते, आतील रकमा नव्हे. त्यासाठी डेटाबेसची स्वतःची नोंद लागते, आणि यूपीएसही. म्हणून आम्ही सुचवतो की, चालू हिशेब विंडोजवर एनटीएफएस डिस्कवरच ठेवावा. पेनड्राइव्ह रात्रीच्या नकलेपुरता. (फुकट मिळालेला तर तेवढ्यालाही नको.) आपली पद्धत कोणती, ते डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये दिसते.