टर्कीची पिल्ले : पहिले दोन आठवडे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात परसातील कोंबडीपालन नवे नाही. पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रही याच शहरात आहे. पिल्ले वाढविण्याची रीत त्यामुळे अनेक घरांना ठाऊक असते. मात्र तीच रीत टर्कीला लावली तर हानी होते.

टर्कीचे पिल्लू मंद दृष्टीचे व बुजरे असते. ते आपण होऊन दाणापाणी शोधीत नाही. समोर खाद्य असूनही ते उपाशी मरते, आणि पाळणारा मात्र रोग आला असे समजतो. यास्तव पहिले १५ दिवस दर १० पिल्लांमागे एक उकडलेले अंडे कुसकरून हाताने भरवावे. लिटरभर पाण्यात १०० मिलिलिटर दूध मिसळावे. हिरव्या रंगाकडे पिल्ले ओढली जातात, म्हणून खाद्यावर चिरलेला पाला पसरावा. पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकल्यास ती चोच मारतात व बुडतही नाहीत. खाद्यात २८ टक्के प्रथिने हवीत. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य येथे अपुरे पडते. ऊब प्रथम ३५ अंश सेल्सिअस ठेवून दर आठवड्यास ३ अंशांनी उतरवावी. मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारी दिव्याची गरजच उरत नाही.

खरा धोका कोंबड्यांच्या सहवासाचा. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातील जंतांच्या अंड्यांतून ‘ब्लॅकहेड’ रोगाचे सूक्ष्मजीव जमिनीत उतरतात व तेथे वर्षानुवर्षे टिकतात. ते टर्कीच्या यकृतावर आघात करतात. विष्ठा गंधकासारखी पिवळी होते. कोंबड्या चरलेल्या जागेत टर्की सोडू नये. अंगण एकच असेल, तर दोहोंपैकी एकच पक्षी पाळावा.