श्रीक्षेत्र कुणकेश्वर व देवगड तालुका : परिचय

रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. जांभ्या दगडाचे सडे, खाड्या, हापूस आंब्याच्या बागा आणि अरबी समुद्र यांनी नटलेला देवगड तालुका याच जिल्ह्यात आहे. 'दक्षिण कोकणची काशी' म्हणून भाविकांना वंदनीय असलेले श्रीक्षेत्र कुणकेश्वर याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वसले आहे.

मंदिराची आख्यायिका

एक परदेशी मुसलमान व्यापारी गलबतातून जात असता वादळात सापडला. अंधारात त्यास किनाऱ्यावर दिव्याचा मिणमिणता प्रकाश दिसला. "प्राण वाचल्यास येथे मंदिर बांधीन," असा त्याने नवस केला व सुखरूप उतरल्यावर तो फेडला, असे परंपरा सांगते. मंदिराजवळ त्याची समाधी दाखविली जाते. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर सिद्ध झालेली नसली तरी तिचा बोध मोलाचा आहे. देवाचा दिवा जात-धर्म विचारीत नाही आणि खरे दान कृतज्ञतेतून घडते. आजच्या देणगीदारांनाही हीच परंपरा लाभली आहे.

शिवलिंगे व समुद्रस्नान

किनाऱ्यावरील खडकांत कोरलेली शिवलिंगे भरतीच्या पाण्याखाली जातात व ओहोटीस दर्शन देतात. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीस येते. लगत अमावास्या असल्याने त्या सुमारास भरती मोठी व ओहोटीही मोठी असते. या यात्रेत गावोगावच्या देवतांच्या पालख्या तीर्थस्नानासाठी येथे येतात. अशा वेळी पाणी झपाट्याने चढते. यास्तव भाविकांनी भरती-ओहोटीची वेळ स्थानिक मच्छीमारांस विचारूनच स्नानास उतरावे. शिवलिंगांवर पाय देऊ नये. निर्माल्य व प्लॅस्टिकच्या पिशव्या समुद्रात टाकू नयेत.

परिसरातील प्रेक्षणीय स्थळे

विजयदुर्ग : वाघोटण खाडीच्या मुखाशी असलेला हा तिहेरी तटबंदीचा किल्ला पूर्वी घेरिया या नावाने ओळखला जाई. शिवछत्रपतींनी तो आदिलशाहीकडून घेतला. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. 1756 मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत ते पडले आणि मराठी आरमाराची कधी न भरून आलेली हानी झाली. आपसांतील दुहीचे मोल किती, हे येथील बुरूज सांगतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत विजयदुर्ग व मालवणचा सिंधुदुर्ग यांचा समावेश आहे.

गिर्ये : विजयदुर्गाजवळील या गावी श्री रामेश्वराचे देवालय आहे. जांभ्या खडकात खोदलेल्या वाटेने तेथे उतरावे लागते. दर्यासारंग संभाजी आंग्रे यांची समाधी येथेच आहे.

देवगड : येथे किल्ला, दीपगृह व मासेमारी बंदर आहे. उन्हाळ्यात येणाऱ्यांनी येथील हापूस प्रत्यक्ष बागायतदारांकडून घ्यावा, म्हणजे कष्टाचे मोल योग्य हाती पडेल.

भाविकांनी केवळ दर्शन घेऊन न परतता एक दिवस अधिक काढून हा परिसर पाहावा, ही नम्र विनंती.

॥ हर हर महादेव ॥