बारा जणांचा निकाल

समजा, तुमची ताई धडगावहून बारावी कला शाखेची परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. तिला भूगोल हा मुख्य विषय घेऊन बी. ए. व्हावयाचे आहे. घरातून महाविद्यालयात जाणारी ती पहिलीच. तिच्यापुढे दोन महाविद्यालये आहेत. एक सातपुड्याचा घाट उतरल्यावर शहाद्याच्या बाजूला आणि दुसरे प्रकाशाजवळ तापी ओलांडल्यावर नंदुरबारच्या बाजूला. पहिल्याला आपण ‘अ’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘ब’. दोन्ही लहान आहेत आणि दोन्ही जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली, म्हणजे पदवी एकाच विद्यापीठाची. (या भागात खरीखुरी महाविद्यालये आहेतच, पण पुढचे आकडे त्यांचे नव्हेत. ते हिशेबासाठी आपण कल्पिलेले आहेत.)

मामा दोन्हीकडची माहितीपत्रके घेऊन येतात. ‘अ’च्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापले आहे, ‘भूगोलाचा निकाल ९२ टक्के’. ‘ब’चा निकाल ६७ टक्के. मामा म्हणतात, “आता विचार कसला करायचा? ‘अ’मध्येच घाला पोरीला.”

ताई मात्र एक साधा प्रश्न विचारते. “मामा, परीक्षेला बसले होते किती?”

चौकशी करता कळते, की दोन्हीकडे बारा-बारा विद्यार्थी बसले होते. ‘अ’चे ११ उत्तीर्ण झाले, ‘ब’चे ८. म्हणजे ९२ आणि ६७ यांमधली ती भली मोठी दरी केवळ तीन मुलांची आहे! एखाद्याला परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप आला असेल, एखादीची एस. टी. घाटात बंद पडली असेल, एखाद्याला नेमका न वाचलेला प्रश्न आला असेल. तीन मुलांचा फरक पडायला एवढे पुरते.

पण ‘पुरते’ असे नुसते म्हणून भागत नाही. किती फरक योगायोगाने पडू शकतो, हे मोजता येते. त्यासाठी हा प्रयोग करून पाहा.

दोन नाणी घ्या आणि एकदम उडवा. दोन्हींवर छापा पडला तर एक विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला असे माना. काहीही दुसरे पडले तर उत्तीर्ण. दोन्ही छापे पडण्याचा संभव चारांत एक, म्हणून प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण होण्याचा संभव चारांत तीन. अशी नाणी बारा वेळा उडवली, की एका महाविद्यालयाचा निकाल तयार झाला. तो वहीत लिहा आणि पुन्हा बारा वेळा उडवा. अशी दहा महाविद्यालये करा. (नाण्यांऐवजी फोडलेले चिंचोके घेऊ नका. खेळात ते चालतात, पण चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखाच पडेल याची खात्री नसते.)

तुमच्या वहीतली ही दहाही महाविद्यालये अगदी सारखी आहेत. शिक्षक तेच, ग्रंथालय तेच, कारण नाणी तीच! तरी निकाल पाहा. कोठे १०, कोठे ७, कोठे ११. सरासरीने ९ उत्तीर्ण व्हायला हवेत, पण नेमके ९ येण्याचा संभव चारांत एकाहून फारसा जास्त नाही. शिवाय अशी दोन सारखी महाविद्यालये शेजारी ठेवली, तर त्यांच्या निकालांत तीन किंवा अधिक मुलांचा फरक साधारणपणे चार वेळांत एकदा पडतोच. मामांनी आणलेला फरक नेमका एवढाच होता.

आणखी एक गंमत. बाराच्या बारा उत्तीर्ण होण्याचा संभव काढायचा तर ३/४ ला स्वतःनेच बारा वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे ३ टक्के, म्हणजे बत्तिसांत एक. तेव्हा अशी तीस-बत्तीस लहान महाविद्यालये असतील, तर सरासरीने दर वर्षी त्यांतील एखाद्याचा निकाल शंभर टक्के लागेल आणि त्याचा फलकही झळकेल. पुढच्या वर्षी तो मान दुसऱ्याच कोणाला मिळेल.

या चढउताराचे गणित अठराव्या शतकात अब्राहम द म्वाव्र याने मांडले. हा फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनला आला आणि शिकवण्या करून पोट भरीत असे. त्याचे सूत्र आपल्या उदाहरणाला लावू. विद्यार्थ्यांची संख्या, उत्तीर्ण होण्याचा संभव आणि अनुत्तीर्ण होण्याचा संभव या तिन्हींचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. १२ × ३/४ × १/४ = २.२५, त्याचे वर्गमूळ १.५. याला प्रमाण विचलन म्हणतात. नऊच्या अलीकडे-पलीकडे दीड मुलाचा फरक अगदी नेहमीचा, आणि याच्या दुप्पट, म्हणजे तीन मुलांचाही फारसा नवलाचा नाही. म्हणून ५० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंतचा कोणताही निकाल एकाच प्रतीच्या महाविद्यालयाचा असू शकतो.

आता बाराऐवजी १,२०० विद्यार्थी घ्या. गुणाकार २२५, वर्गमूळ १५. बाराशेत पंधरा, म्हणजे फक्त सव्वा टक्का! विद्यार्थी शंभरपट झाले, पण शेकडेवारीतला चढउतार दहापटीने कमी झाला. मोठ्या संस्थेची टक्केवारी गाईसारखी संथ चालते आणि लहान संस्थेची शेळीसारखी उड्या मारते.

हे न ओळखल्याने मोठमोठी माणसेही फसली आहेत. अमेरिकेत उत्तम निकालांच्या शाळांत लहान शाळांचा भरणा दिसला, म्हणून मोठ्या शाळा फोडून लहान करण्यावर अमाप पैसा खर्च झाला. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने २००७ साली लेख लिहून दाखवून दिले, की अगदी वाईट निकालांच्या यादीतही लहान शाळांचाच भरणा होता.

मग ताईने करावे काय? एक उपाय म्हणजे पाच वर्षांचे निकाल एकत्र करणे. साठ विद्यार्थी झाले, की प्रमाण विचलन साडेपाच टक्क्यांच्या आसपास येते. बारांसाठी ते साडेबारा टक्के होते. मात्र पाच वर्षांत शिक्षक बदलले असतील, तर ती बेरीज जुन्या शिक्षकांची होईल. म्हणून मला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. हे बारा जण प्रथम वर्षाला किती होते?

समजा, ‘अ’मध्ये प्रथम वर्षाला ३० जणांनी प्रवेश घेतला होता आणि ‘ब’मध्ये १६ जणांनी. आता हिशेब बदलला. ‘अ’मध्ये ३० पैकी ११ पदवीपर्यंत पोचले, म्हणजे ३७ टक्के. ‘ब’मध्ये १६ पैकी ८, म्हणजे ५० टक्के. मामांचा निवाडा उलटा फिरला! अर्थात हेही आकडे लहानच. यांवरून ‘ब’ चांगले असे सिद्ध होत नाही. पण ‘अ’च्या अठरा मुलांचे काय झाले, हे विचारता येते आणि त्याचे उत्तर योगायोगाच्या हाती नसते. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांच्याबरोबर काही मुले गेली असतील. वसतिगृहात जागा मिळाली नसेल. काहींनी बदली घेऊन दुसरीकडे नाव घातले असेल, तर तो दोषही म्हणता येणार नाही.

तेव्हा ताई एका सकाळी मामांना घेऊन दोन्हीकडे जाऊन येते. भूगोलाला पूर्ण वेळ शिक्षक किती, नकाशे भिंतीवर लावलेले की कपाटात गुंडाळलेले, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे, वसतिगृहातल्या मुली सुट्टीत घरी कशा जातात, हे सारे ती वहीत लिहून घेते. या गोष्टी नाण्याच्या उडण्यावर अवलंबून नाहीत. एकदाच पाहिल्या तरी पुरते. शेवटचे पान तिने तिसऱ्या वर्षाच्या मुलींसाठी राखून ठेवले आहे. त्यांना ती एवढेच विचारते, “तुमच्याबरोबरच्या सोडून गेल्या, त्या का गेल्या?”

घरी सोडवा : एका महाविद्यालयात भूगोलाला तीनच विद्यार्थी आहेत. प्रत्येकाचा उत्तीर्ण होण्याचा संभव ३/४. निकाल शंभर टक्के लागण्याचा संभव किती? (उत्तर : २७/६४, म्हणजे सुमारे ४२ टक्के.)