आत्म्याचे फळ आणि आपली दिनचर्या

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता व इंद्रियदमन हे नऊ सद्गुण एके ठिकाणी सांगितले आहेत. त्यांची नावे आपण लहानपणीच मुखोद्गत करितो. परंतु एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. देहाची 'कर्मे' असे अनेकवचन योजणारा पौल या नऊ गुणांस मात्र 'फळ' असे एकवचनी नाव देतो. मूळ ग्रीक भाषेतही असेच आहे. तात्पर्य, हे नऊ दागिने नव्हेत, की आवडेल तो अंगावर घालावा व उरलेले पेटीत ठेवावे. एकाच जीवनाची ही नऊ अंगे होत.

एकदा सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी आम्ही याच भागावरून सहनशीलतेविषयी बोललो. त्याच दिवशी तिसऱ्या तासास एका विद्यार्थ्याने बीजगणितातील तीच शंका तिसऱ्यांदा विचारिली. आम्ही पुस्तक मिटले आणि 'उद्या येताना डोके घेऊन ये,' असे बोलून गेलो. वर्ग हसला, मुलगा मुकाट्याने खाली बसला. पुढे कित्येक आठवडे त्याने हात वर केला नाही. सकाळचे आमचे शब्द खोटे नव्हते. पण ते तिसऱ्या तासापर्यंत टिकले नाहीत.

सहनशीलतेसाठी पौलाने योजिलेला शब्द 'माक्रोथुमिया' हा होय. त्यात 'लांब' आणि 'संताप' अशा अर्थांची दोन पदे आहेत. ज्याचा संताप लांबवर असतो, तो सहनशील. आमचा तर अगदी जिभेवर होता!

चूक उमजल्यावर आम्ही भर वर्गात त्या मुलाची क्षमा मागितली. त्याने ती तत्काळ केली. परंतु त्याचा हात पुन्हा वर आला तो नाताळच्या सुटीनंतर. क्षमा क्षणात मिळते, गेलेला विश्वास सावकाश परततो.

विद्यार्थिमित्रहो, आईने दुसऱ्यांदा हाक मारिली असता, धाकट्या भावाने पुस्तकावर शाई सांडली असता, खेळात पंचाने बाद ठरविले असता या फळाची परीक्षा होते. पालकहो, मुले आपल्या उपदेशापेक्षा आपला स्वर अधिक ऐकतात. कोयीपासून लाविलेला आंबा फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. फळ देणारा देव आहे. नित्य प्रार्थनेने व पश्चात्तापाने मुळाशी पाणी घालणे एवढे आपल्या हाती आहे. ते आपण आजच, आपल्या घरापासून आरंभू या.