दुधावाचून चीज कसे वितळते?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. घरांना दारे नसलेले गाव म्हणून त्याचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. तेथे देवावर छप्पर नाही. उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा उभी आहे आणि भाविक तिला तेल वाहतात. पौषातल्या कडाक्याच्या थंडीतही हे तेल शिळेवरून ओघळत खाली येते. आता अशी कल्पना करा, की त्याच पहाटे कोणी घरची खोबरेल तेलाची बाटली तेथे आणली. तेल बाटलीतून बाहेरच पडणार नाही. ते गोठून पांढरे झालेले असेल! तीळ, मोहरी, नारळ ही तिन्ही वनस्पतींचीच तेले. मग काही वाहतात आणि एक गोठते, असे का?

या प्रश्नाच्या उत्तरात एका नव्या पदार्थाचे मर्म दडलेले आहे. तो पदार्थ म्हणजे दुधाचा थेंबही न घालता केलेल्या 'चीज'चे, तव्यावर भाजलेले सँडविच. परदेशात अशा सँडविचमध्ये बेकन, म्हणजे मीठ लावून धुरावलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या, घालतात. आपण तिच्या जागी धुरावलेले वांग्याचे काप घालू. दूध, तूप, मध असे कोणतेही प्राणिजन्य अन्न न घेणाऱ्यांना 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाला. पण केवळ तत्त्वासाठीच असे पदार्थ खातात असे नाही. ज्यांना दुधातील साखर पचत नाही किंवा दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी हा रोजच्या जेवणाचा प्रश्न असतो.

सरळ काड्या आणि वाकड्या काटक्या

तेलाच्या रेणूत मेदाम्लांच्या लांब साखळ्या असतात. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के साखळ्या संपृक्त, म्हणजे सरळ असतात. काड्यापेटीतल्या काड्यांप्रमाणे त्या एकमेकींना लागून नीट बसतात आणि घनरूप होतात. तिळाच्या तेलातील बहुतेक साखळ्या असंपृक्त असून त्यांना मध्येच बाक असतो. वाकड्या काटक्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तद्वत या साखळ्याही जवळ येऊ शकत नाहीत. म्हणून खोबरेल तेल २४-२५° से. च्या खाली गोठते, तर तिळाचे तेल गोठण्यास शून्याच्याही खालचे तापमान लागते.

चीज थंड असताना घट्ट आणि तव्यावर मऊ असते, याचे एक कारण हेच. त्यातील दुधाची चरबी सुमारे ४०° से. पर्यंत पूर्णपणे वितळते. वनस्पतिजन्य चीजमध्ये हे काम खोबरेल तेलाकडे द्यावे लागते. शेंगदाण्याचे तेल तेथे उपयोगी नाही, कारण ते मुळातच द्रव आहे.

पनीर का वितळत नाही?

पण चरबी वितळणे म्हणजे चीज वितळणे नव्हे. पनीरमध्येही दुधाचीच चरबी असते. तरी पनीरचा तुकडा तव्यावर टाका. तो तांबूस होईल, पण वितळून पसरणार नाही. तेव्हा गोम चरबीत नसून रचनेत आहे.

गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन हे असते. चीजमध्ये केसीनच्या कणांना कॅल्शियमच्या दुव्यांनी जोडलेले असते. उष्णता मिळाली, की त्यांची आपसातील पकड ढिली होते, कण एकमेकांवरून सरकू लागतात आणि चीजला तार सुटते. पनीर करताना मात्र आपण तापलेल्या दुधात लिंबू पिळतो. आम्लामुळे कॅल्शियम निघून जाते आणि प्रथिने एकमेकांना घट्ट बिलगतात. ती पकड तापविल्याने सुटत नाही.

शेंगदाणा किंवा सोयाबीन यांतील प्रथिनेही तापविल्यावर वाहत नाहीत, उलट साकळतात. मग तार आणायची कोठून? उत्तर आपल्या उपासाच्या डब्यात आहे!

साबुदाण्याची मदत

साबुदाणा हा टॅपिओका या कंदाच्या पिष्टाचा असतो. त्या पिष्टात अमायलोपेक्टिन या फांद्याफांद्यांच्या रेणूंचे प्रमाण मोठे असते. पाण्यात ६०-७०° से. पर्यंत तापविले, की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि हे रेणू एकमेकांत गुंततात. साबुदाण्याची खिचडी जास्त शिजली, की तिचा चिकट गोळा होतो, तो यामुळेच. घरी जो दोष, तो येथे गुण ठरतो.

साहित्य : शेंगदाणे ५० ग्रॅम, पाणी २०० मिलिलिटर, साबुदाण्याचे बारीक पीठ ३० ग्रॅम, खोबरेल तेल (खाण्याचे) दोन मोठे चमचे, मीठ अर्धा लहान चमचा, लिंबाचा रस एक लहान चमचा.

कृती : शेंगदाणे रात्रभर भिजवून, साले काढून, दिलेल्या पाण्यात बारीक वाटावे व फडक्यातून गाळावे. या पांढऱ्या 'दुधात' पीठ, तेल व मीठ घालून मंद आचेवर सतत ढवळावे. प्रथम गुठळ्या दिसतील, घाबरू नका. पाच-सहा मिनिटांत सर्व मिश्रण चकचकीत होऊन भांड्याच्या कडा सोडू लागेल. मग लिंबाचा रस घालून उतरवावे व गार होऊ द्यावे. (शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये.)

धुराची चव

वांग्याचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे लांबट काप करून त्यांना मीठ चोळा. पंधरा मिनिटांत परासरणाने पाणी सुटेल. ते पिळून टाका आणि कापांना तिखट, किंचित गूळ, चिंचेचा कोळ व थोडे तेल लावा.

आता धुंगार द्यावयाचा. आपल्याकडे वाटीत निखारा ठेवून त्यावर तेल किंवा तूप सोडतात व झाकण घालतात. परंतु लाकडाचा खास वास निखाऱ्यात फारसा उरलेला नसतो. तो लाकडातील लिग्निन या घटकाच्या विघटनाने उत्पन्न होणाऱ्या ग्वायकॉल, सिरिंगॉल इत्यादी संयुगांचा असतो, आणि कोळसा होताना ती बहुतेक उडून जातात. म्हणून निखाऱ्यावर नारळाच्या करवंटीचा छोटा तुकडा ठेवा. करवंटीत लिग्निन भरपूर असते. ती पेटू न देता धुमसू द्या. वाटी कापांसह मोठ्या पातेल्यात ठेवून तीन-चार मिनिटे झाका. ओल्या, तेलकट पृष्ठभागावर धूर चांगला धरतो.

हे काम मोकळ्या हवेत आणि मोठ्या माणसांच्या देखतच करावे. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि काही अपायकारक संयुगेही असतात. त्यामुळे धुंगार थोडा वेळ आणि क्वचितच द्यावा. नंतर काप तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजा.

सँडविच तव्यावर

पावाच्या दोन चकत्यांमध्ये आपले चीज व काप ठेवा, बाहेरून तेलाचा हात लावा आणि सँडविच तव्यावर ठेवा. येथे खरी अडचण येते. पावात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात, म्हणून तो उष्णतेचा मंदवाहक आहे. शिवाय उष्णता आत पोहोचण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चकती दुप्पट जाड घेतली, तर वेळ सुमारे चौपट लागतो. आच मोठी ठेवली, की पाव बाहेरून करपतो आणि आतले चीज थंडच राहते.

पाव तांबूस होणे ही साखर व प्रथिने यांच्यातील अभिक्रिया आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले. सुमारे १४०° से. च्या पुढे ती वेगाने होते. आत मात्र पाणी आहे तोवर तापमान पाण्याच्या उत्कलनांकापुढे जात नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीच्या अहिल्यानगर शहरात हा उत्कलनांक ९८° से. च्या आसपास असतो.

युक्ती अशी : आच मंद ठेवा, तव्यावर कडेला पाण्याचे काही थेंब टाका आणि झाकण ठेवा. आता हिशेब करू. २० ग्रॅम चीज २५° वरून ६५° से. पर्यंत न्यायचे आहे. त्याची विशिष्ट उष्माधारकता अंदाजे ३.३ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश धरू.

उष्णता = २० × ३.३ × ४० = २६४० ज्यूल

एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २२६० ज्यूल अप्रकट उष्मा बाहेर पडतो. म्हणजे जेमतेम एक-सव्वा ग्रॅम वाफ आत निवली, तरी चीज मऊ होऊ शकते! शेवटी झाकण काढा, म्हणजे पाव पुन्हा कुरकुरीत होईल.

नाव आणि वस्तू

आपला पदार्थ चीजसारखा वागतो, पण तो चीज नाही. त्यात चीजइतकी प्रथिने व कॅल्शियम नाहीत. वांग्याच्या कापांतही मांसाची प्रथिने नाहीत. तेव्हा ती उणीव डाळी, तीळ, नाचणी यांनी भरून काढली पाहिजे.

नाव बरोबर असण्याला किती महत्त्व आहे, हे याच जिल्ह्यात दिसून आले. केडगाव येथील एका प्रसिद्ध उपाहारगृहाच्या पदार्थांच्या नावातील 'चीज' या शब्दावर अन्न व औषध प्रशासनाने आक्षेप घेतला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ते प्रकरण वृत्तपत्रांत गाजले. आपण खरे चीजच वापरतो, असे संबंधित कंपनीचे म्हणणे होते. शनिशिंगणापुरातही, शिळेची झीज होऊ नये म्हणून, १ मार्च २०२५ पासून शुद्ध खाद्यतेलच वाहावे असा निर्णय झाला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच : वस्तू नावाप्रमाणे आहे का?

म्हणून वेष्टन वाचण्याची सवय लावा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी; त्या पदार्थात दूध असू शकते. अगदी पावातही कधी दुधाची भुकटी घातलेली असते. ज्याला दुधाची ॲलर्जी आहे, त्याला केवळ ठिपका पाहून चालणार नाही.

करून पाहा

१. खोबरेल व शेंगदाण्याचे तेल दोन परीक्षानळ्यांत घेऊन बर्फाच्या पाण्यात ठेवा. कोणते आधी गोठते? खोबरेल तेल हळूहळू तापवून दर मिनिटाला तापमान नोंदवा व आलेख काढा.

२. साबुदाण्याच्या पिठाऐवजी मक्याचे पीठ (कॉर्नफ्लोअर) वापरून चीज करा. दोहोंची तार पट्टीने मोजा.

३. एक सँडविच झाकण ठेवून व एक न ठेवता भाजा. चीज मऊ होण्यास लागलेल्या वेळांची तुलना करा आणि फरकाचे कारण अप्रकट उष्म्याच्या आधारे लिहा.