मोटारी भरता भरता

१. मोटार का जळाली हे कळल्याशिवाय ती भरायला घेऊ नये. नारायणगाव पट्ट्यात टोमॅटो ऐन बहरात असताना शेतकरी टेम्पोतून मोटार उतरवतो आणि म्हणतो, "मिस्त्री, उद्या सकाळी पाहिजे." त्याची घाई खरी असते. तरी मी आधी कॉइल बघतो. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेज काळे पडलेत आणि एक चकाकतोय, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली. तिन्ही सारखे करपलेत, तर लोड जास्त किंवा व्होल्टेज कमी. फेज गेला असेल तर दोष डीपीच्या फ्यूजमध्ये, स्टार्टरच्या काँटॅक्टमध्ये किंवा केबलच्या जोडात बसलाय. तो तसाच ठेवून भरलेली मोटार पुन्हा जळते आणि पैसे त्या गरिबाचेच जातात. म्हणून नवी वाइंडिंग देताना स्टार्टरही मागवून घेतो.

२. ओव्हरलोड रिले कुणी कितीही गळ घातली तरी वाढवून द्यायचा नाही.

३. पाणबुडी मोटार बोअरमध्ये सोडण्याआधी तिच्या पोटात स्वच्छ पाणी भरलेलं स्वतः बघावं. वाइंडिंग गार राहते ती त्याच पाण्यावर, बेअरिंगलाही तेच लागतं.

४. रात्री मळ्यात एकट्यानं जाऊ नये. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या नांदायला लागला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, यावरून ओळखा. आणि शेतीची थ्री फेज वीज पाळीनं रात्री येते! बाप्या बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो, घरची बाई उंबऱ्यात जागी. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली सौर कृषी वाहिनी योजना आली. ती प्रत्येक फीडरवर पोचावी असं मला मनापासून वाटतं. तोवर मी ऑटो स्विच बसवून देतो, पण सोबत टायमर लावून आणि शेजारपाजारच्यांची वेळ वेगवेगळी ठेवून. वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर व्होल्टेज बसतं, डीपी जाते आणि पुन्हा अंधारात कुणाला तरी जावंच लागतं.

५. उधारीची वही बायकोकडे असावी. मंचरला कांद्याची पट्टी झाली की बरेचजण स्वतःहून येतात. भाव पडला तर येत नाहीत, आणि तेव्हा कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं लग्न निघालंय, हे तिला माहीत असतं. कुणासाठी थांबायचं ते तीच ठरवते. उधारीपायी भरलेली मोटार अडवून ठेवायची नाही, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. पीक वाट बघत नाही.

६. श्रावणात पाऊस असतो, मोटारी कमी येतात. सोमवारी दुकान बंद ठेवून पोरांना ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेला न्यावं, तांदळाच्या पिंडी दाखवाव्यात, आखाड्यात कुस्त्या बघाव्यात. उन्हाळ्यात बाप त्यांच्या वाट्याला येत नाही.

७. लेकीला काम शिकायचं असेल तर शिकवावं. माझी थोरली आयटीआयला इलेक्ट्रिशियनला आहे. वेढे मोजण्यात तिचा हात माझ्यासारखाच. पण हल्ली सौरपंपाचे कंट्रोलर दुरुस्तीला येतात, ते तीच उघडते. मी शेजारी स्टूल घेऊन बसतो आणि विचारतो, "हे काय आहे गं?"