उभा कडा आणि लिन हिल

उभ्या कड्यावर चढणे हे केवळ बाहुबळाचे काम आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः प्रस्तरारोहण म्हणजे देहाचे वजन, घर्षण आणि तोल यांचा मेळ घालण्याची विद्या होय. अमेरिकेतील लिन हिल यांच्या चरित्रावरून हे चांगले ध्यानात येते.

लिन हिल यांचा जन्म १९६१ साली डेट्रॉइट येथे झाला. बालपण मात्र दक्षिण कॅलिफोर्नियात गेले. लहानपणी त्यांनी जिम्नॅस्टिक्सचे शिक्षण घेतले होते. १९७५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, थोरल्या बहिणीच्या सोबतीने त्या प्रथम कड्यावर चढल्या. १९८५ मध्ये त्यांनी जीवशास्त्राची पदवी मिळविली. पुढे युरोपात प्रस्तरारोहणाच्या स्पर्धा भरू लागल्या, तेव्हा त्यांनी आरोहण हाच आपला व्यवसाय केला. इटलीतील आर्को येथील प्रसिद्ध स्पर्धा त्यांनी पाच वेळा जिंकली.

या व्यवसायात लहानशी चूकही जिवावर बेतते. मे १९८९ मध्ये फ्रान्समधील ब्यू येथे कमरपट्ट्याला दोर बांधताना मध्येच त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले व गाठ अपुरी राहिली. माथ्यावर पोचून त्यांनी दोरावर भार टाकला मात्र, तोच दोर सुटला आणि त्या वीस मीटरांहून अधिक उंचीवरून कोसळल्या. वीस मीटर खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग ताशी सुमारे सत्तर किलोमीटर होतो. आरोहणाचा नायलॉनचा दोर ताणला जाऊन पडण्याचा धक्का हळूहळू शोषून घेतो. येथे ते कार्य झाडाच्या फांद्यांनी केले, म्हणूनच प्राण वाचले. कोपर निखळले व पायाचे हाड मोडले. तरीही १९९० मध्ये फ्रान्समधीलच एक अत्यंत बिकट मार्ग त्यांनी सर केला. त्या दर्जाचा मार्ग चढणारी ती पहिली स्त्री होय.

कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा प्रचंड कडा आहे. त्याच्या ‘नोज’ या सुमारे नऊशे मीटर उंचीच्या मार्गाने १९५८ साली वॉरन हार्डिंग आणि त्यांचे सहकारी माथ्यावर पोचले. परंतु त्यासाठी त्यांना खडकात खिळे ठोकून त्यांचा आधार घ्यावा लागला होता. मुक्त आरोहणात दोर असतो, पण तो केवळ पडल्यास सावरण्यापुरता; वर जावयाचे ते हातापायांच्याच बळावर. हा मार्ग अशा रीतीने चढणे पुढील पस्तीस वर्षे कोणालाही साधले नाही.

लिन हिल यांची उंची अवघी पाच फूट दोन इंच. दूरच्या आधारापर्यंत हात पोचविणे त्यांना कठीण जाई. पण छतासारख्या पुढे आलेल्या एका खडकाखालील अरुंद फटीत त्यांची बारीक बोटे शिरत. त्याहून वर एका गुळगुळीत कोपऱ्यात धरावयास जवळजवळ काहीच नव्हते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितक्या जोराने दाबले जातात तितके त्यांमधील घर्षण वाढते, हा साधा नियम तेथे उपयोगी पडला. हातापायांनी समोरासमोरच्या भिंतींना विरुद्ध दिशांनी रेटीत आणि अंग वळवीत त्या इंचाइंचाने वर सरकल्या. १९९३ साली चार दिवसांत त्यांनी हे मुक्त आरोहण पूर्ण केले. स्त्री किंवा पुरुष, कोणीही केलेले ते पहिलेच होय. पुढील वर्षी तोच मार्ग त्यांनी चोवीस तासांच्या आत पार केला. हा एका दिवसाचा पराक्रम पुन्हा घडण्यास २००५ साल उजाडावे लागले. तो टॉमी काल्डवेल यांनी केला.

शरीराची ठेवण कोणाला मागून मिळत नाही. मिळालेल्या ठेवणीचा उपयोग कोठे व कसा करावयाचा, हे मात्र अभ्यासाने कळते. बोटांचे बारीकपण छताखाली कामी आले, कोपऱ्यात मात्र युक्तीच हवी होती. आणि आरोहक कितीही निष्णात असला, तरी पाय उचलण्यापूर्वी दोराची गाठ एकवार तपासून पाहणे त्याला चुकत नाही.